परसातील कोंबड्या, फळझाडे आणि शेजार

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या तालुका शिबिरात केलेले भाषण)



झाडांविषयी बोलण्याचा अधिकार कृषी अधिकाऱ्यांचा आणि पशुपक्ष्यांविषयी बोलण्याचा पशुवैद्यकांचा. मी कला शाखेचा पदवीधर. माहिती देणे हा माझा व्यवसाय. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, याचे कारण एवढेच की गेली नऊ वर्षे घरामागील दोन गुंठ्यांत मी कोंबड्या पाळतो आणि फळझाडे जोपासतो. या काळात अंड्यांपेक्षा अनुभवच अधिक हाती आला, असे माझी पत्नी म्हणते.

प्रारंभी माझी कल्पना फार सुबक होती. झाडांनी सावली द्यावी, कोंबड्यांनी किडे वेचावेत, कोंबडखताने झाडे पोसावीत. हे सारे घडते. परंतु आपण ठरविलेल्या क्रमाने घडत नाही. आळ्यात ओलावा दिसला की कोंबडी ते उकरणारच. पेरूची माझी पहिली दोन रोपे मुळे उघडी पडून वाळली, तेव्हा कुठे आळ्यात दगड रचण्याची बुद्धी झाली. खुराड्यातील ताजी विष्ठा पपईच्या बुंध्याशी घातली, तर पाने करपली. हे खत उष्ण. ते पालापाचोळ्याबरोबर कुजवूनच घालावे लागते. उरलेल्या चार पपयांपैकी तीन नर निघाल्या. एकेका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून, फुले आल्यावर नर उपटावेत, हे जाणत्यांनी मला नंतर सांगितले.

जमेची बाजूही आहे. माझा पेरू ‘सरदार’ जातीचा. ‘लखनौ-४९’ हे तिचे दुसरे नाव, पण निवड झाली ती पुण्याच्या गणेशखिंडीत! पावसाळी बहराला फळमाशी फार. गळलेल्या फळातून तिच्या अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि कोंबड्या नेमकी तीच माती उकरतात. लिंबाच्या खाली टेकलेल्या फांद्या छाटू नयेत, हेही मी कोंबड्यांकडूनच शिकलो. खुडूक कोंबडी एकवीस दिवस बसली, अकरा अंड्यांतून आठ पिले निघाली आणि घारीची सावली अंगणावर पडताच ती आठही पिले त्या काटेरी आडोशाला पळाली. सहा वाढली. दोन मुंगसाने नेली. त्याला काटे अडवीत नाहीत.

परंतु आज मला सांगावयाचे आहे ते निराळेच. २०१९ च्या उन्हाळ्यात मी आठवडी बाजारातून दोन तलंगा आणल्या आणि त्याच संध्याकाळी घरच्या पक्ष्यांत सोडल्या. आठवड्याच्या आत कोंबड्या पिसे फुलवून कोपऱ्यात बसू लागल्या, हिरवट हगवण लागली, काहींच्या माना वाकड्या झाल्या. ती मानमोडी होती, म्हणजेच राणीखेत. सतरांपैकी चौदा पक्षी चार दिवसांत गेले. पाचव्या दिवशी शेजारच्या आजींच्या कोंबड्या मरू लागल्या. अंडी विकून त्या नातवाच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागवीत. “भाऊ, बाजारच्या कोंबड्या आणल्या होत्या ना तुम्ही?” एवढेच त्यांनी विचारले. मी होय म्हणालो. नवे पक्षी दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावेत, हे मी स्वतःच एका घडीपत्रिकेत छापले होते.

लस नव्हती असे नाही. चौकशीही मी केली होती. लशीच्या बाटलीत शंभर किंवा अधिक पक्ष्यांच्या मात्रा असतात. ती बर्फात ठेवावी लागते आणि द्रावण केल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. सतरा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? म्हणून मी तो विषय सोडून दिला. परसातील पक्ष्यांचे लसीकरण बहुतेक ठिकाणी अडते ते येथेच. पैशाची अडचण त्या मानाने लहान आहे.

दुसऱ्या वर्षी आमच्या वाडीतील बारा घरांच्या कोंबड्या मोजल्या. त्या एकशे एकतीस भरल्या! आठवडाभर आधी जंताचे औषध दिले. ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी, खुराडी उघडण्याच्या आत, पशुधन पर्यवेक्षक थर्मासमध्ये लस घेऊन आले. पहिल्या आठवड्यातील पिलांच्या डोळ्यात लासोटाचा एक थेंब, दोन महिन्यांवरील पक्ष्यांना आर-टू-बीची सुई. दीड तासात काम आटोपले. मोजणीची वही आजींनी ठेवली होती. अक्षर नातवाचे होते.

लस प्रत्येक रोगावर नाही, हेही सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर परिसरात देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा मोठ्या पोल्ट्रींबरोबर आसपासच्या घरांतील परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. पक्षी एकाएकी मरू लागले तर दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे. मेलेले पक्षी चुना टाकून खोल पुरावेत. ओढ्यात टाकले की रोग पुढच्या गावी पोहोचतो.

सदस्यांनी वाड्यावार दिवस ठरवून द्यावेत आणि शिक्षकांनी मुलांकडून घरोघरच्या कोंबड्या मोजून घ्याव्यात, एवढी माझी विनंती आहे. आकडा शंभराच्या आसपास गेला की दवाखान्याकडे मागणी पाठवावी. आमच्या वाडीचा यंदाचा दिवस पुढील रविवारचा आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी पहाटे साडेपाचपर्यंत पोहोचावे. त्यानंतर कोंबड्या हाती लागत नाहीत.