कपाटाची किल्ली मागा

(घनसावंगी येथें वाचनालयांत जमलेल्या तरुण मंडळींपुढें केलेलें भाषण)



आमच्या शेतकरी-कारागिरांच्या घरांत पोथी ऐकण्याची चाल फार जुनी. वाचणारा एक आणि माना डोलविणारे शंभर. इतिहासही आम्ही असाच ऐकत आलों. तुम्हां मुलामुलींस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, ऐकलेली गोष्ट घेऊन वाचनालयांत या आणि विचारा, "हें कोणत्या कागदांत आहे? तो कोणी लिहिला, केव्हां लिहिला?"

घरचेंच उदाहरण घ्या. समर्थ रामदास १६०८ सालीं आपल्याच तालुक्यांतील जांब येथें जन्मले. जांबकरांस त्याचा अभिमान आहे व तो रास्त आहे. पण समर्थ हे शिवछत्रपतींचे राजकीय गुरु, स्वराज्याची मसलत त्यांचीच, असेंही आपणांस लहानपणापासून ऐकविण्यांत येतें. याचा माग काढा. एक पक्ष म्हणतो, दोघांची पहिली भेट १६४९ सालीं झाली. दुसरा १६७२ च्या एका पत्राकडे बोट दाखवितो. तेवीस वर्षांचा हा फरक किरकोळ नव्हे. १६७२ सालीं अफजलखानास मरून तेरा वर्षें झालीं होतीं, आग्र्याहून महाराज सुटले त्यासही सहा वर्षें लोटलीं होतीं. भेट तेव्हांची असेल, तर राज्य मावळ्यांच्या मनगटावर उभें राहिलें कीं मठांतल्या मंत्रावर, हें शाळकरी पोरही सांगेल. ज्या हनुमंतस्वामीच्या बखरीवर पहिल्या पक्षाची भिस्त, ती तर समर्थांच्या पश्चात् शंभराहून अधिक वर्षांनीं लिहिलेली! पण आम्ही म्हणतों म्हणूनही मानूं नका. बखरही वाचा, पत्रही वाचा. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरांत बाडें आहेत, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत दप्तरें आहेत. छापलेलें असेल तें येथेंच मागवा.

कोणी म्हणेल, जुन्या पुस्तकांत आपलें काय आहे? शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्री-पुरुष तुलना' छापलें. लोक तुटून पडले तेव्हां जोतीरावांनीं त्यांची बाजू घेतली. पुढें तें पुस्तक असें विसरलें गेलें कीं, १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां छापीपर्यंत घरोघरच्या लेकीबाळींस त्याचें नांवही ठाऊक नव्हतें. जुनी प्रत वाळवीनें खाल्ली असती तर? आमच्या लोकांनीं लिहिलें नाहीं असें नाहीं. १९१० सालीं निघालेला 'दीनमित्र' मुकुंदराव पाटील नेवासें तालुक्यांतल्या तरवडीसारख्या खेड्यांतून चालवीत. लिहिलें पुष्कळ, जपलें थोडें.

कागद तुमच्याही घरीं आहे. २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यास न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हां निजामी अमलांतलें मोडी व उर्दू दप्तर वाचणाऱ्यांची किती शोधाशोध झाली, तें या जिल्ह्यानें पाहिलें. पणज्याची जात, पणज्याची जमीन, आणि पणतूनें दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें! भटाच्या जागीं दलाल आला, इतकाच फरक. मोडीस चिकाटी लागते खरी, पण सुताराच्या पोरालाही रंधा पहिल्या दिवशीं कोठें धरतां येतो?

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटींतील सनद, गहाणखत, खासऱ्याची नक्कल बाहेर काढा. मूळ कागद कोणाच्या हवालीं करूं नका. मोबाईलवर त्याचा फोटो घ्या, गांव, साल व नांवें वहींत उतरा आणि त्या वहीची एक प्रत वाचनालयांत ठेवा. रझाकारांचे दिवस पाहिलेलीं माणसें आतां थोडीं राहिलीं. १९४८ सालीं कोण कोठें लपलें, कोणी कोणास भाकरी दिली, हें आजीला विचारून त्याच वहींत लिहा.

१९६७ च्या कायद्यानें ज्या वाचनालयास अनुदान मिळतें, त्याचा पैसा तुमच्या-आमच्या खिशांतला आहे. कपाटास कुलूप दिसलें तर किल्ली मागा. पुस्तक नसेल तर तें मागवावें असें लेखी द्या, आणि आठ दिवसांनीं पुन्हां विचारावयास या. मुलींना संध्याकाळीं येणें जमत नाहीं असें आयांनीं आम्हांस सांगितलें; तेव्हां चालकांनीं बाजाराच्या दिवशीं दुपारीं दार उघडें ठेवावें.