पाचवा ठिपका



 मी नारायणगावचा द्राक्षबागायतदार, या खगोल संमेलनाचा स्वागताध्यक्ष. स्वागताध्यक्षाने जेवणाचं बघावं आणि कमी बोलावं, हे मला ठाऊक आहे. तरी विषय सुपरनोव्हा आणि कृष्णद्रव्याचा आहे, म्हणून पाच मिनिटं घेतो.

काल मुंबईहून पाहुण्यांच्या दोन गाड्या एकाच वेळी सुटल्या. एक माळशेजवरून चहाला पोचली. दुसरी पुण्याकडून येताना चाकणला अडकली, ती आली थेट रात्रीच्या जेवणाला. प्रकाशाचंही असंच होतं, हे नॉर्वेचे खगोलशास्त्रज्ञ स्यूर रेफ्सदाल यांनी १९६४ मध्येच मांडलं होतं. वाटेत प्रचंड वस्तुमान असेल तर एकाच स्फोटाचा प्रकाश निरनिराळ्या वाटांनी वळून येतो, मागेपुढे पोचतो. त्या उशिरावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढता येतो.

नोव्हेंबर २०१४ मध्ये हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत खगोलशास्त्रज्ञ पॅट्रिक केली यांना असा सुपरनोव्हा सापडला. स्फोट एकाच ताऱ्याचा, पण एका दीर्घिकेभोवती चार ठिपके. ती दीर्घिका पाच अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका समूहातली. तुम्ही समूह म्हणता, मला तो घड दिसतो. आणि घड असा, की मणी मोजून जे वजन भरतं त्याच्या कितीतरी पट काटा दाखवतो. ही तफावत मुख्यतः न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याची. ते कुठे किती साचलंय याचे नकाशे करून अभ्यासकांच्या निरनिराळ्या गटांनी आधीच लिहून दिलं, की आणखी एक ठिपका अमुक जागी उगवायचाय. तारखांवर त्यांचं एकमत नव्हतं. ११ डिसेंबर २०१५ ला तो तिथेच दिसला! हवामानाचा अंदाज बघून फवारणी करणाऱ्या माणसाला याचं काय वाटतं, ते मी सांगायला नको.

त्या सुपरनोव्हाला रेफ्सदाल यांचं नाव दिलं आहे. ते स्वतः मात्र २००९ मध्येच गेले.

त्या पाचव्या ठिपक्याच्या उशिरावरून २०२३ मध्ये निघालेला प्रसरणाचा वेग दर मेगापार्सेकला सेकंदाला ६५ ते ६७ किलोमीटरच्या आसपास. सुपरनोव्हांच्याच दुसऱ्या पद्धतीने तो ७३ भरतो. यावरून सभागृहात दोन तट आहेत, असं ऐकतो. भांडण जेवणानंतर करावं, आज मासवडी आहे.

उद्या सकाळी सातला खोडदची बस सुटेल. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या जवळून बघायच्या आहेत. मोबाइल बंद ठेवा.