दुधाची भुकटी आणि आपला स्वयंपाक



म्हैस आटली की घरातलं दूध थांबतं, पोरांची भूक काही थांबत नाही. म्हैस दुभती असली तरी पुष्कळ घरांत सकाळचं दूध किटलीतून थेट डेअरीत जातं आणि पोरं कोरा चहा पिऊन शाळेची वाट धरतात. अशा घरात भुकटीचा डबा ठेवावा म्हटलं, की वडीलधाऱ्या बायका नाक मुरडतात. ‘ते कसलं दूध!’

दूधच आहे ते. दुधातला शेकडा 80 हून अधिक भाग पाणी असतो. तो काढून टाकला की भुकटी उरते. म्हशीच्या दुधाची भुकटी होणारच नाही, असं परदेशी जाणकार सांगत असत. पण 1955 साली गुजरातेत आणंदला ती करणारा कारखाना सुरू झाला.

भुकटीचं दूध पाणचट लागतं ते बहुधा मापाच्या चुकीने. साय काढलेल्या दुधाची 100 ग्रॅम भुकटी असेल, तर उकळून कोमट केलेलं 900 मिलिलिटर पाणी घ्यावं. आधी थोड्याशा पाण्यात भुकटी लापशीसारखी कालवावी, मग उरलेलं पाणी घालून रवीने घुसळावं. उकळत्या पाण्यात भुकटी टाकाल, तर गुठळ्याच पदरात पडतील. आणि एकदा कालवलं की ते ताज्या दुधासारखंच नासतं, हे विसरू नये.

या दुधाचं दही फार छान लागतं. चमचाभर भुकटी जास्त घातली तर कवडीसारखं घट्ट होतं. मग ताक आहे, कढी आहे. शेवयांच्या खिरीलाही हे दूध चालतं. गुळाची खीर असेल तर मात्र ती निवल्यावरच दूध घालावं. तो नियम ताज्या दुधालाही आहे. बासुंदीचा हट्ट धरू नये. साय काढलेल्या भुकटीतून साय कुठून येणार? पनीरही मनासारखं होत नाही.

विकत घेताना डब्यावरची अक्षरं वाचावी. घरात वाचता येणारं पोर असेल तर त्याच्याकडून वाचून घ्यावी. चहासाठी म्हणून मिळणाऱ्या भुकटीत बहुधा साखर मिसळलेली असते. तिचं दही लावून कढी केलीत, तर घरातली माणसं तुमच्याकडेच बघत राहतील!

आता एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. ही भुकटी तान्ह्या मुलासाठी नाही. साय काढताना दुधातली चरबी जाते आणि तिच्याबरोबर अ जीवनसत्त्वही. पहिले सहा महिने मुलाला आईचंच दूध द्यावं. आईला दूध पुरत नाही असं वाटलं, तर डब्याकडे हात नेण्याआधी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना दाखवावं.