खिशातला वाटाड्या

चेन्नईच्या पश्चिमेकडील अंबत्तूरला सायकलींचे गाव म्हणावयास हरकत नाही. १९४९ साली स्थापन झालेल्या टी. आय. सायकल्सचा कारखाना येथेच उभा राहिला. तमिळ पाट्या वाचता न येणारा मराठी माणूस आज अशा परक्या गावी निर्धास्तपणे सायकल काढतो, तो खिशातल्या फोनच्या भरवशावर.

हा वाटाड्या मोठा विद्वान खरा. याच चेन्नईत, सेंट थॉमस माउंटजवळ, १८०२ साली विल्यम लॅम्टनने साखळीने जमीन मोजून आपल्या सर्वेक्षणाची आधाररेषा आखली. त्या एका रेषेला कित्येक आठवडे लागले. फोन मात्र सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या निदान चार उपग्रहांचे संकेत टिपून क्षणात आपले ठिकाण सांगतो.

परंतु मागून येणारा मालट्रक त्याला दिसत नाही, की ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात पाण्याखाली गेलेला खड्डाही दिसत नाही. औद्योगिक वसाहतीच्या वर्दळीत पडद्यावर नजर खिळविणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून निघण्यापूर्वीच नकाशा पाहावा. रेल्वे स्टेशन, तलाव अशा दोनतीन खुणा मनात ठेवाव्या आणि फोन खिशात टाकावा. शंका आलीच, तर कडेला उतरून तो पाहावा.

नाहीतर चहावाल्याला विचारावे. ‘नेरा पोंगा’ म्हणजे सरळ जा, ‘इडदु’ म्हणजे डावीकडे आणि ‘वलदु’ म्हणजे उजवीकडे. एवढी तमिळ तेवढ्यापुरती पुरते. आणि कोणत्या गल्लीत पाणी तुंबले आहे, हेही तोच सांगतो.