हिरवं पाकीट कुठे गेलं?

मी कासूहून बोलतेय. वडखळ सोडून नागोठण्याकडे निघालं की महामार्गालगत आमचं गाव लागतं. बचत गटांची समन्वयक म्हणून मी आसपासच्या गावांत फिरते आणि आमच्या स्वतःच्या गटात अकराजणींबरोबर पोह्याचे पापडही लाटते. आज मी तुम्हांला आमची एक चूक सांगणार आहे. ती चूक पापडाच्या चवीत नव्हती आणि हिशोबातही नव्हती. म्हणूनच आमच्या लक्षात यायला दोन वर्षं गेली.

गणपतीला चाकरमानी कोकणात निघतात, तेव्हा आम्ही रस्त्याकडेला मांडव घालून बसतो. त्या वर्षी डोंबिवलीच्या एक ताई गाडी थांबवून दोन पाकिटं घेऊन गेल्या. पापड त्यांना आवडले. दिवाळीला शेजारपाजारी द्यायला त्यांना चाळीस पाकिटं हवी होती. पाकिटावरच्या नंबरवर त्यांनी चार वेळा फोन केला, पण तो लागलाच नाही. तो नंबर आमच्या आधीच्या सचिवांचा होता. त्यांनी पद सोडलं, पुढे सिमही बंद केलं, आणि आम्ही मात्र तेच लेबल छापत राहिलो.

पुढच्या गणपतीला त्या ताई पुन्हा त्याच रस्त्यानं आल्या. हिरवं पाकीट शोधत त्यांनी चार मांडव पाहिले. आमच्याही मांडवासमोरून गेल्या. पण त्या वर्षी दुकानदाराकडे हिरवी पाकिटं नव्हती, पिवळी थोडी स्वस्त मिळाली, म्हणून आम्ही पिवळी घेतली होती. त्यांनी शेजारच्या मांडवातून दुसरेच पापड घेतले. गाडीकडे परत जाताना त्यांना आमच्या मावशीचा आवाज ऐकू आला. त्या थबकल्या, मागे वळल्या आणि म्हणाल्या, "अहो मावशी, तुमचं पाकीट हिरवं होतं ना? ते कुठे गेलं?"

चाळीस पाकिटं, एकशे वीस रुपयांनी, म्हणजे चार हजार आठशे रुपये. आमच्यासारख्या गटाला ही रक्कम लहान नाही. त्यातून कुणाच्या मुलीची फी भरली गेली असती, कुणाचा हप्ता गेला असता. गिऱ्हाईक आमच्यावर नाराज नव्हतं. त्याला आमचाच माल हवा होता, फक्त आम्ही त्याला सापडलो नाही.

त्या महिन्याच्या बैठकीत आम्ही एक काम केलं. जिथे जिथे आमचं नाव आहे ते सगळं चटईवर आणून मांडलं. पाकिटं, लेबलं, पावती पुस्तक, रबरी शिक्का, मांडवावरचा फलक, सरस प्रदर्शनासाठी केलेला बॅनर आणि दोघींचे मोबाईल. मग एकेक वाचत गेलो. लेबलवर गटाचं पूर्ण नाव होतं. फलकावर नुसतं 'पेणचे घरगुती पापड' लिहिलेलं. शिक्क्यावर गटाच्या नावातली वेलांटी चुकलेली. व्हॉट्सअ‍ॅपला नावाच्या जागी माझ्या मुलाचा फोटो! आणि पैसे घ्यायचा क्यूआर कोड स्कॅन केला की एका सदस्येच्या दिराचं नाव यायचं. मला तेव्हा आठवलं, कितीतरी गिऱ्हाइकं पैसे पाठवताना थांबून विचारायची, "हे नाव बरोबर आहे ना हो?" आम्ही हसून "हो हो, आमचंच" म्हणायचो. खरं तर दर वेळी त्यांच्या मनात शंकेचा खडा पडत होता.

आता कुणी म्हणेल, पेणचे पापड म्हटलं की पुरे, वेगळ्या नावाची गरज काय? पेणचं नाव मोठं आहे खरं. आपल्या गणपतीच्या मूर्ती बघा. पेण शहरात, हमरापूरला, जोह्याला घडलेल्या मूर्ती कुठे कुठे जातात, आणि जाणकार माणूस नुसती डोळ्यांची आखणी बघून मूर्ती पेणची आहे हे ओळखतो. पण पेणचं नाव आपल्या सगळ्यांचं आहे. महामार्गावर ओळीनं दहा मांडव, दहाही फलकांवर 'पेणचे पापड'. त्या दहांतला आपला कोणता, हे गिऱ्हाइकानं कसं ओळखायचं? पेणच्या नावामुळे गाडी थांबते. पण दुसऱ्यांदा ती आपल्याच मांडवापुढे थांबायला हवी असेल, तर आपली स्वतःची खूण लागते, आणि ती सगळीकडे सारखी लागते. बाजारातली माणसं यालाच ब्रँड म्हणतात.

हे बायकांना जमतं का? लिज्जत पापडाचं उदाहरण घ्या. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक हलका, स्वस्त. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनबाप्पा पारेख यांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. त्यांनी ते ऐकलं. 'लिज्जत' हे नाव तर तीन वर्षांनी, १९६२ साली, स्पर्धा घेऊन ठरलं. त्या स्पर्धेचं बक्षीस होतं पाच रुपये. आज तिथे चाळीस हजारांहून जास्त बहिणी काम करतात. पीठ शाखेत एका मापानं मळलं जातं, बहिणी ते घरी नेऊन लाटतात आणि परत आणलेला पापड तपासून घेतला जातो. म्हणून लाटणारे हात हजारो असले तरी पापड एकच लागतो. सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

लक्षात घ्या, आधी प्रत एक झाली, नाव मागून आलं. म्हणून आम्हीही सुरुवात पापडापासूनच केली. आमच्यात कुणाचा पापड मोठा, कुणाचा लहान. कुणाचा हात मिरचीला सढळ, कुणाचा हिंगाला. आता एका किलो पोह्याच्या पिठाला मीठ, पापडखार, हिंग, मिरची किती, हे वहीत लिहिलंय आणि मोजूनच घालतो. पापड कापायला सगळ्यांकडे एकाच मापाचं स्टीलचं झाकण आहे. पाकीट वजनकाट्यावर ठेवल्याशिवाय बंद करायचं नाही. दोनशे ग्रॅम लिहिलं असेल, तर दोनशेच भरलं पाहिजे.

मग नाव. ते एकदा अक्षर न् अक्षर ठरवलं. रंग हिरवाच ठेवला, कारण गिऱ्हाइकाच्या मनात तो बसला होता. गटासाठी वेगळं सिम घेतलं. पदाधिकारी बदलले की फोनही नव्या सचिवांकडे जातो, नंबर तोच राहतो. बँकेत जाऊन क्यूआर कोड गटाच्या खात्यावरचा करून घेतला. लेबलची फाईल तिघींच्या मोबाईलमध्ये ठेवली. छापणाऱ्याला दर वेळी तोंडी मजकूर सांगायचा नाही, तीच फाईल द्यायची. वेलांट्या चुकतात त्या अशाच. लेबलवर घटक, वजन, किंमत, पत्ता, बनवल्याची आणि वापरायची तारीख, शाकाहारी मालाची हिरवी खूण आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लागतोच. त्यांची जागाही आम्ही कायमची ठरवली.

हे सगळं एका वहीत आहे. पहिल्या पानावर नाव, त्याखाली लेबल चिकटवलेलं, शेजारी पाकिटाचा तुकडा रंगासाठी. आम्ही तिला ओळखीची वही म्हणतो. नवी सदस्य आली की आधी ती वही तिच्या हातात देतो.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं नाही. जुनी तीनशे लेबलं शिल्लक होती. ती फेकायला कुणाचं मन होईना. शेवटी चुकीच्या नंबरावर नवा नंबर चिकटवला आणि ती संपवली. दुसरा वाद जास्त कठीण होता. आमची एक वहिनी उरलेले तुटके पापड बिनलेबलच्या पिशवीत घालून बाजारात कमी दरानं विकायची. तिला घरी पैशांची नड होती, हे आम्हांला ठाऊक होतं. पण घेणाऱ्याला पापड आमचेच हेही ठाऊक असायचं. मग तो मांडवावर येऊन म्हणायचा, "तिथे साठला मिळतात, इथे एकशेवीस का?" आम्ही तिला दोष दिला नाही. तुकडा पापड गटानंच विकायचा ठरवला. पाकीट तेच, त्यावर 'तुकडा' असं स्पष्ट लिहिलेलं, दर ठरलेला. आणि तिची नड गटाच्या अंतर्गत कर्जातून भागवली. आज पाकिटांचं वजन तीच बघते, आणि पाच ग्रॅमही सोडत नाही.

मैत्रिणींनो, तुमचा माल पापड असेल, मसाला असेल, लोणचं असेल नाहीतर गोधडी. या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. तुमचं नाव असलेली प्रत्येक वस्तू चटईवर मांडा आणि घरातल्या शाळकरी मुलीला बोलावून विचारा, "बाळा, हे सगळं एकाच घरचं वाटतं का?" ती जे बोलेल ते मनावर घ्या. मग पाकिटावरचा नंबर स्वतः लावून बघा. उचलला जातो का, आणि उचलणारी गटाचं नाव सांगते का, तेही ऐका. यातल्या बहुतेक कामांना पैसे लागत नाहीत. एकदा ठरवायचं आणि मग मोडायचं नाही, एवढंच.

त्या डोंबिवलीच्या ताई यंदाही आल्या होत्या. गाडीतून उतरून त्या थेट आमच्या मांडवात आल्या. कुणाला काही विचारावं लागलं नाही.