हापशाच्या पोटातली सळई

केडगावसारख्या काळ्या खडकाच्या मुलखात विंधन विहिरीवरचा हापसा आपण हापसतो. पण त्याच्या पोटातल्या सळईची आठवण ती तुटल्यावरच होते. सोलापूरच्या पंपावरून १९७० नंतर घडलेल्या ‘इंडिया मार्क-२’ हापशात १२ मिलिमीटर जाडीच्या, ३ मीटर लांबीच्या सळया एकीला एक जोडलेल्या असतात. त्यांवर जस्ताचा मुलामा असतो. पान्ह्याने ओरखडा पडला, तर जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला काही काळ सांभाळते.

तेलविहिरींत काही सळयांवर प्लास्टिकचा लेप देतात. तो नुसता झाकतो. त्याला सुईएवढे भोक पडले, की गंज तेवढ्याच जागी खोल उतरतो. तिथे वरून लेप फासून भागत नाही. आधी गंज खरवडून लोखंड कोरडे करावे लागते.

मग आपण काय करावे? पान्हा सळईच्या अंगावर नव्हे, जोडाच्या सहा-कोनी भागावर लावावा. खोल गंजलेली, वाकलेली किंवा आटे झिजलेली सळई सरळ बदलावी. कारण खाली सळई तुटली, तर बहुधा सगळे पाईप वर काढावे लागतात. आणि ऐन वैशाखात तोवर वस्तीच्या घागरी रिकाम्याच राहतात.