गाठीचा स्वभाव



कानाच्या पाळीखाली सूज दिसली की आपल्या घरांत पहिल्यांदा नाव निघतं ते गालगुंडाचं. लेप लागतो, गरम पाण्याच्या गुळण्या होतात. गालगुंड असेल तर आठ-दहा दिवसांत उतरतंही. पण दुखत नाही, ताप नाही आणि महिना उलटला तरी गाठ तशीच, असं असेल तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आधी ती दाखवा. दुखत नाही म्हणून लोक थांबतात, ते मला फार लागतं.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानापुढची पॅरोटिड, जबड्याखालची आणि जिभेखालची. शिवाय तोंडाच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी. पॅरोटिडमधल्या दहापैकी आठ गाठी साध्या निघतात. जबड्याखाली हे प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं आणि जिभेखाली बहुतेक गाठी कॅन्सरच्याच. तंबाखूशी तोंडाच्या कॅन्सरचं जितकं पक्कं नातं आहे तितकं लाळग्रंथींच्या कॅन्सरचं नाही. सुपारीचं खांडही न खाणाऱ्या घरात हा होतो.

निदान झालं की नातेवाईक विचारतात, "कितवी स्टेज?" गाठ कुठवर पोचली, हे स्टेज सांगते. तिचा स्वभाव सांगतो तो ग्रेड, आणि त्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, तेव्हा तो आम्ही कसा ठरवतो ते जरा तपशिलात सांगतो.

काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात बसवून ठोकळा करतात, तोच ब्लॉक. त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप काचेवर घेऊन गुलाबी-जांभळा रंग देतात. म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार घेऊ. 1998 साली मांडलेल्या एका पद्धतीत त्याला गुण द्यायचे असतात. गाठीतला पोकळ्यांचा भाग 20 टक्क्यांहून कमी असेल तर 2. पेशी नसेत शिरल्या असतील तर 2. मेलेला भाग दिसला तर 3. मोठ्या भिंगाखाली दहा क्षेत्रांत मिळून चार किंवा जास्त पेशी विभागताना सापडल्या तर आणखी 3. पेशींचं रूपच पार बिघडलं असेल तर 4. बेरीज 4 पर्यंत असेल तर लो ग्रेड, 5-6 इंटरमीजिएट, 7 पासून पुढे हाय. दुसऱ्या एका पद्धतीने हीच काच वाचली तर ग्रेड वर सरकू शकतो. मधल्या ग्रेडवर तर जाणत्यांचंही एकमत होत नाही. म्हणून रिपोर्टवर "इंटरमीजिएट" लिहिलं असेल तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत जरूर घ्या. त्यात आमचा कुणाचा अपमान नाही.

एवढं बारकाईने का पाहायचं? लो ग्रेडची लहान गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आल्या, की बहुतेकदा तिथेच उपचार संपतात. पाच वर्षांनंतर शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण हयात असतात. हाय ग्रेडमध्ये हा आकडा साधारण निम्म्यावर येतो. तिथे मानेतल्या लसिकाग्रंथी हाताला लागत नसल्या तरी त्या काढण्याचा विचार होतो आणि नंतर किरणोपचार, आपल्याकडे म्हणतात तो शेक, द्यावा लागतो. पॅरोटिडमधून चेहऱ्याची नस जाते. शस्त्रक्रियेआधी ती नीट काम करत असेल आणि गाठीने वेढलेली नसेल, तर सर्जन ती वाचवतात. सुईच्या तपासणीत ग्रेड दर वेळी कळतोच असं नाही. पक्का ग्रेड पूर्ण गाठ हाती आल्यावरच.

अॅडिनॉइड सिस्टिक या प्रकाराबाबत मात्र पाच वर्षांच्या आकड्यावर विसंबू नये. तो सावकाश वाढतो, नसेच्या कडेने सरकतो आणि दहा-पंधरा वर्षांनी फुप्फुसात उगवू शकतो. त्यातल्या पेशींचे भरीव पुंजके जितके जास्त तितका धोका अधिक. अशा रुग्णाने "पाच वर्षं झाली, सुटलो" म्हणून तपासण्या बंद करू नयेत. सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा मुळातच हाय ग्रेड. त्याचं स्तनाच्या कॅन्सरशी साम्य आहे, त्यामुळे त्यात हर-2 नावाचं प्रथिन तपासावं लागतं. सापडलं तर त्यावरचं औषध मिळू शकतं.

दुसऱ्या मताचंच उदाहरण म्हणजे मुंबईतल्या परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय. ते 1941 साली सुरू झालं. तिथली पॅथॉलॉजी डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी उभी केली. आजही पुण्याहून फाइल घेऊन तिथे गेलात, की बाहेरचे ब्लॉक आणि काचा मागतात आणि स्वतः पुन्हा वाचतात. त्यामुळे गाठ कुठेही काढा, साधी वाटली तरी ती तपासणीला गेलीच पाहिजे. रिपोर्टमध्ये प्रकार, ग्रेड, कडा आणि नसेतला शिरकाव या चारही गोष्टी लिहिल्या आहेत का, ते पाहा. ब्लॉक कुठे ठेवला आहे ते डिस्चार्जच्या दिवशीच विचारून घ्या. कारण शेक लागणार असेल तर तो शस्त्रक्रियेनंतर आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावा लागतो आणि त्यातले तीन-चार आठवडे जखम भरण्यातच जातात.